इंग्रजीच्या तासाला आपली मुले काय शिकतात?

जून महिन्यात प्रवेशासाठी येणारे पालक आणि फेब्रुवारीत परीक्षेच्या काळजीने येणारे पालक आम्हांला इंग्रजीविषयी दोन निरनिराळे प्रश्न विचारतात. जूनमध्ये विचारतात, "गुरुजी, पोरगं इंग्रजी बोलाया कधी लागंल?" फेब्रुवारीत तेच पालक विचारतात, "सर, इंग्रजीत निघंल ना?" पहिल्या प्रश्नात मोठी आशा असते, दुसऱ्यात केवळ धास्ती. या दोहोंच्या मधला जो प्रश्न आहे, म्हणजे मूल या तासाला नेमके शिकते तरी काय, तो मात्र आम्हांला फारसा कोणी विचारीत नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी इंग्रजी विषय शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांस चार पाने दिली आहेत. ती या न विचारलेल्या प्रश्नासाठी खर्च करावीत असे आम्ही ठरविले.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाले. म्हणजे दहावीच्या उंबरठ्यावरचे मूल दहा वर्षे ही भाषा शिकलेले असते. मराठी माध्यमात ती तृतीय भाषा म्हणून शिकविली जाते. शालान्त परीक्षेत 80 गुणांची लेखी कृतिपत्रिका आणि 20 गुणांची तोंडी व अंतर्गत परीक्षा असते. माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी 'प्रश्नपत्रिका' सोडविली असेल. आता तिला कृतिपत्रिका म्हणतात, आणि हा बदल केवळ नावाचा नाही. पूर्वी धड्यावरची उत्तरे पाठ करून निभावत असे. आता उतारा समोर छापलेला असतो, पाठातला तसाच न पाहिलेलाही, आणि मुलाने तो वाचून कृती करावयाच्या असतात. पत्र, संवाद, भाषण, सारांश, एखाद्या विषयाच्या दोन्ही बाजू, कवितेचे रसग्रहण, आणि शेवटी शब्दांचा व वाक्यांचा मराठीत अनुवाद. कागदावर पाहिले तर हा अभ्यासक्रम वाईट नाही. किंबहुना ज्यांनी तो आखला त्यांनी बराच विचार केलेला दिसतो.

अडचण आहे ती मुलांच्या आणि आपल्या सर्वांच्या हुशारीची. परीक्षा कशीही आखा, तिच्यातून न शिकता पार होण्याची वाट आपण शोधून काढतो. उताऱ्यावरचा प्रश्न असेल तर प्रश्नातला एखादा ठळक शब्द उताऱ्यात शोधावयाचा आणि ज्या ओळीत तो सापडेल ती ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवून काढावयाची, ही विद्या आठवीतल्या मुलालाही अवगत असते. उतारा तिबेटविषयी आहे की टपालखात्याविषयी, हे त्याला सांगता येणार नाही, परंतु गुण मिळतात. पत्राचा मायना, 'टू' काढून टाकण्याचे वाक्य, 'नो सूनर'ने सुरू होणारे वाक्य, हे सारे साच्यातून निघते. (वाक्यातून 'टू' काढण्याची अशी निकड शाळेबाहेर कोणाला कधी पडली असेल, याचा शोध आम्ही अनेक वर्षे घेत आहोत.)

तरीही व्याकरणाची थट्टा करून आम्हांला पुढे जावयाचे नाही. साच्यातले व्याकरणही कोठे तरी खऱ्या मजकुरावर टेकवले की जिवंत होते. कर्मणी प्रयोग शिकविताना आम्ही संविधानाचा अनुच्छेद 17 इंग्रजीत फळ्यावर लिहितो. अस्पृश्यता नष्ट केल्याची घोषणा तेथे इंग्रजीत अवघ्या तीन शब्दांत आहे, आणि ती कर्मणी आहे. मुले साच्याप्रमाणे लगेच विचारतात, "सर, याचा कर्तरी प्रयोग करायचा तर कर्ता कोण घ्यायचा?" या प्रश्नावर तास संपतो, आणि तो तसा संपावा अशीच आमची इच्छा असते. कोणी म्हणते, संविधान सभा; कोणी म्हणते, बाबासाहेब; कोणी म्हणते, आपण भारताचे लोक. त्याच अनुच्छेदात कोणत्याही स्वरूपातील आचरणास मनाई आहे. त्यातल्या 'कोणत्याही' या शब्दावाचून काय बिघडले असते, हे एकदा मुलांना विचारून पाहावे. आणि पुढच्या वाक्यातला 'शॅल'? व्याकरणाच्या पुस्तकात तो भविष्यकाळ असतो, कायद्यात तो हुकूम असतो. ज्या मुलाला हा फरक कळला, ते मूल उद्या शासननिर्णय, भाडेकरार किंवा नोकरीचे नेमणूकपत्र वाचताना सहजी फसणार नाही. आपल्या राज्यात खालच्या न्यायालयांत मराठी चालते, उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीतून होते. गायरानाचा दावा वर गेला की आपले वडीलधारे वकिलाच्या तोंडाकडे पाहत उभे राहतात. त्यांच्या शेजारी उभे राहून कागद वाचू शकेल असे घरातलेच मूल असावे, यापेक्षा इंग्रजीच्या तासाचा अधिक रोकडा उपयोग आम्हांला सुचत नाही.

कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली पाच कृती असतात. पाचवी कृती वैयक्तिक प्रतिसादाची. उताऱ्यातल्या विषयावर तुझे स्वतःचे मत काय, असा तिचा आशय असतो आणि तिला बहुधा दोन गुण असतात. साऱ्या अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची जागा आमच्या मते हीच, आणि सर्वांत अधिक लूट झाली आहे तीही हिचीच. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत 'वैयक्तिक' प्रतिसाद तयार छापलेले असतात. मग एका वर्गातल्या चाळीस मुलांचे वैयक्तिक मत शब्दशः एकच निघते. चाळीसही मुले झाडे लावणार असतात, चाळीसही वडीलधाऱ्यांचा मान राखणार असतात, चाळीसही जणांना पहाटे उठावयास आवडते. वसतिगृहात पहाटे पाचची घंटा ज्याने ऐकली आहे त्या माजी विद्यार्थ्याने या विधानाचा खरेखोटेपणा स्वतःच ठरवावा.

नववीच्या वर्गात पाण्याच्या बचतीवरील एक उतारा होता. खाली प्रश्न होता की तुम्ही पाणी वाचविण्यासाठी काय कराल. दात घासताना नळ बंद ठेवीन, हे छापील उत्तर बहुतेकांनी लिहिले. एका मुलीने लिहिले की आमच्या वस्तीत नळ सर्वांत शेवटी आला, तो एक दिवसाआड येतो, आणि माझी आई पाणी वाचविते असे नव्हे, तर तिच्याजवळ वाया घालविण्यापुरते पाणीच नसते. तीन वाक्यांत दोन क्रियापदे चुकली होती. परंतु ते इंग्रजी होते, म्हणजे कोणाला तरी काहीतरी सांगण्यासाठी लिहिलेली भाषा होती. आम्ही ते उत्तर वर्गात वाचून दाखविले तेव्हा मुले प्रथम हसली, कारण असे उत्तर 'चालते' हे त्यांना ठाऊकच नव्हते. पुढच्या आठवड्यात मात्र चार-पाच वह्यांत चुकलेली, वाकडीतिकडी, पण स्वतःची अशी वाक्ये आली. दोन गुण पुरते मिळोत की न मिळोत. कालाम सुत्तात तथागतांनी कालामांना सांगितले ते काय होते? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून काही खरे मानू नका. स्वतः तपासून पाहा. विहारात हे सुत्त समजावून सांगावयाचे आणि अभ्यासिकेत मार्गदर्शकातले मत पाठ करावयास लावावयाचे, या दोन गोष्टी एका छपराखाली नांदू शकत नाहीत.

आता आमच्या मनातल्या मुख्य गोष्टीकडे येतो. दहा वर्षांचे इंग्रजी मुलाला आले की नाही, हे मोजण्याचे माप कोणते? बोर्डाचे माप 35 गुणांचे आहे. पालकांचे माप बहुधा फाडफाड बोलण्याचे असते. आमच्या शाळेपुरते आम्ही एक तिसरे माप मनाशी धरले आहे. दहावी झालेल्या मुलाने बाबासाहेबांच्या इंग्रजीचे एक पान, शब्दकोश हाताशी घेऊन पण माणसाच्या मदतीवाचून, वाचावे आणि त्यात काय म्हटले आहे ते मराठीत सांगावे.

हे माप भावनेपोटी धरलेले नाही. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत निघाले, कारण ते आपल्याशी बोलत होते. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरील निबंध, 1923 सालचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध, गोलमेज परिषदेतली भाषणे, हे सारे इंग्रजीत झाले, कारण ते जगाशी आणि राज्यकर्त्यांशी बोलत होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातील मजकुरावर हरकत घेतली आणि परिषदच रद्द झाली. तेव्हा 1936 साली बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वखर्चाने छापले, 1,500 प्रती. बोलू न दिलेले भाषण जगभर गेले ते या छपाईमुळे आणि या भाषेमुळे. त्यांच्याआधी महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' मराठीत लिहिली, पण तिला प्रस्तावना इंग्रजीतही जोडली आणि ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली तीही इंग्रजीतूनच. 1854 सालच्या 'काव्यफुले'मध्ये सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. आपल्या परंपरेत इंग्रजीचा उपयोग मिरविण्यासाठी कधी झालेला नाही. जे स्थानिक सत्ता ऐकून घेत नाही ते तिच्या वरच्याला ऐकविण्यासाठी झाला आहे.

बाबासाहेबांचे मराठी अनुवाद उपलब्ध असताना मुलांना इंग्रजी मूळ कशासाठी, असे आम्हांला एका हितचिंतकांनी विचारले. अनुवाद अवश्य वाचावेत. आमच्या पिढीने ते वाचूनच डोळे उघडले. परंतु एका पिढीने अनुवाद करावयाचा आणि पुढच्या साऱ्या पिढ्यांनी त्यावरच राहावयाचे, हे काही बरे नव्हे. राज्य शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले लेखन व भाषणांचे इंग्रजी खंड आमच्या ग्रंथालयात आहेत. त्यांवरची धूळ ग्रंथपाल पुसतात. ती वाचकांच्या हातांनी पुसली जावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सुरुवात 'ॲनिहिलेशन'पासून करता येत नाही, हे अनुभवाने कळले. त्यातली वाक्ये युक्तिवादाची आहेत, एकातून दुसरे निघते आणि नवव्या इयत्तेतले मूल तिसऱ्या पायरीवर वाट चुकते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे तसे नाही. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे इंग्रजी बाबासाहेबांनी फार विचारपूर्वक सोपे ठेवले आहे. लहान वाक्ये, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक, गोष्टीत संवाद. परकी भाषा शिकणाऱ्याला क्रमांक फार आधार देतात. आज सातपर्यंत वाचले, उद्या आठपासून. शिवाय उपाली नापित, सुनीत सफाई कामगार, सोपाक, अंगुलिमाल, पाणी मागणारा आनंद आणि ती चांडालकन्या प्रकृती, या गोष्टी आमची मुले वर्षावासात मराठीतून ऐकत आलेली असतात. गोष्ट ठाऊक असली की अनोळखी शब्द अडवीत नाही, तो मागून कळतो. पाठ्यपुस्तकात परदेशातल्या बर्फाची कविता येते तेव्हा आम्हांला आधी बर्फ समजावून सांगावा लागतो. सुनीताची झाडणी समजावून सांगावी लागत नाही.

यातूनच अनुवादाच्या प्रश्नालाही अर्थ येतो. कृतिपत्रिकेत अनुवादाला पाच गुण आहेत. चार शब्द, दोन वाक्ये, एखादी म्हण. मुले त्याला सोपा प्रश्न समजतात. या ग्रंथातला रिलिजन आणि धम्म यांच्यातील भेद सांगणारा भाग आम्ही दहावीच्या एका तुकडीस अनुवादासाठी दिला. पहिल्याच ओळीत मुले थांबली. 'रिलिजन'ला धर्म म्हणावे, तर 'धम्म'ला काय म्हणावे? बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहितानाही 'धम्म' हा शब्द तसाच का ठेवला? दोन्ही शब्दांसाठी एकच मराठी शब्द लिहिला तर सारे प्रकरणच कोसळते, हे मुलांनी स्वतः शोधून काढले. तळवटकर, चिटणीस आणि रेगे या अनुवादकांनी येथे काय केले असेल, हे पाहण्यासाठी मग त्यांनी मराठी ग्रंथ उघडला. इंग्रजीच्या तासामुळे मराठी पुस्तक उघडले गेले, ही गोष्ट मातृभाषेच्या काळजीने व्याकूळ होणाऱ्या मंडळींनी ध्यानी घ्यावी.

त्या मंडळींशी आमचे भांडण नाही, थोडी तक्रार आहे. वंचितांच्या मुलांनी मराठीतच शिकावे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या अनेकांची स्वतःची नातवंडे कोठे शिकतात, हे आपण सर्व जाणतो. त्यामुळे आपले पालक त्यांचे ऐकत नाहीत आणि कर्ज काढून मुलाला गावाजवळच्या 'इंग्लिश स्कूल'मध्ये घालतात, यात नवल नाही. परंतु पालकहो, फलक इंग्रजीत असला म्हणून शाळा इंग्रजीची होत नाही. जे मूल मराठीत एक परिच्छेद नीट लिहू शकते, ते इंग्रजीत तीन-चार वर्षांत लिहू लागते. जे कोणत्याच भाषेत लिहू शकत नाही, त्याला माध्यम बदलून काय लाभणार? आमच्याकडे वऱ्हाडी बोलणारी मुले येतात, मराठवाडी बोलणारी येतात, काही घरी गोंडी बोलतात. सकाळी त्रिसरण-पंचशील पालीत म्हणतात, दुपारी प्रमाण मराठी वाचतात, रात्री हिंदी गाणी गुणगुणतात. चार भाषांत वावरणाऱ्या मुलाला पाचवी भाषा येत नाही असे कोणी म्हटले, तर आम्ही मुलाची नव्हे, शिकविण्याची रीत तपासू.

उच्चाराविषयी दोनच शब्द. मुलाच्या इंग्रजीत गावाकडचा हेल राहिला तर राहू द्यावा. अर्थ पोहोचला की पुरे.

वाचनाचा मार्ग उलट दिशेनेही चालतो, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात एका पिढीने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लेखन वाचले, त्यावर चर्चा केली आणि मग स्वतःचे लिहिले. 1972 साली मुंबईत तरुणांनी आपल्या संघटनेसाठी पँथर हे नाव घेतले तेही त्या वाचनाच्या हवेतूनच. पुढे आपले लेखन इंग्रजीत गेले. अर्जुन डांगळे यांनी संपादिलेला 'पॉयझन्ड ब्रेड' 1992 साली निघाला, बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांची आत्मकथने इंग्रजीत आली, आणि आज परदेशातल्या वर्गांत ती शिकविली जातात. फलटणजवळच्या वस्तीतल्या एका बाईची कहाणी तेथील विद्यार्थी इंग्रजीत वाचतो आणि आमची मुलगी, जिच्या आजीची ती कहाणी असू शकते, ती इंग्रजी म्हणजे निबंधाचे दहा मुद्दे समजते. हे अंतर आम्हांला बोचते.

निवासी शाळेजवळ एक गोष्ट आहे जी शहरातल्या महागड्या शाळांजवळ नाही, ती म्हणजे संध्याकाळ. सात ते नऊ या अभ्यासिकेच्या वेळेतला शनिवारचा एक तास आम्ही वाचनासाठी बाजूला काढला आहे. परीक्षेचे काही त्यात घ्यावयाचे नाही, गुण द्यावयाचे नाहीत. आठवी-नववीची मुले धम्मग्रंथातल्या गोष्टी वाचतात, दहावीची तुकडी संविधानातील मूलभूत अधिकारांची पाने वाचते, आणि ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी 'ॲनिहिलेशन'चे पान आहे. एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा मराठीत सांगतो, तिसऱ्याने शंका काढावयाची. शंका न काढता बसणे चालत नाही. या तासामुळे निकालाची टक्केवारी वाढेल असे आश्वासन आम्ही देत नाही, आणि ती घसरेल अशी भीतीही बाळगत नाही.

या कामी आम्हांला पैशापेक्षा माणसे हवी आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, बँकेत आणि टपालखात्यात काम करणारे आहेत, परिचारिका आहेत, काही परदेशी आहेत. आपल्या कामात रोज येणारा एखादा इंग्रजी कागद, नाव-गाव झाकून, घेऊन यावे: नोटीस, कर्जाच्या अटी, औषधाच्या खोक्यातली माहितीची घडी, विम्याचा फॉर्म. तो मुलांसोबत ओळ न ओळ वाचावा आणि तुम्हांला तो पहिल्यांदा हातात आला तेव्हा काय अडले ते सांगावे. जुने इंग्रजी-मराठी शब्दकोश घरी पडून असतील तर तेही चालतील. सध्या सहा मुलांत एक पुरवावा लागतो. शनिवारी येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कार्यालयात निरोप ठेवावा, म्हणजे मुलांना तो कागद आदल्या दिवशी देता येईल आणि त्यांच्या शंका तयार राहतील.